बसायला माणूस

यंदा दिवाळी आणि बेसतं वरस यांच्यामध्ये धोका आला. पुण्याच्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "आता आणखी काय झालं गं?" मग तिला समजावून सांगावं लागलं. तिथी पुढेमागे झाली की दिवाळी आणि गुजराती नवं वर्ष यांच्यामध्ये एक रिकामा दिवस पडतो. त्याला इकडे धोको म्हणतात आणि आम्ही बडोद्याचे मराठी त्याचा सरळ धोका करून टाकतो. त्या दिवशी कोणी कोणाकडे जात नाही. मला घर लावायला एक दिवस जास्तीचा मिळाला, इतकंच.

घर लावणं या वर्षी सोपं नव्हतं. जुलैत माझ्या नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. तो मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचा. उजवा हात गेला, पाय निम्मा परत आला, बोलणं गेलं. पाणी हवं असलं की ग्लासाकडे बोट आणि "ते, ते, ते". माझं नाव त्याला येत नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर मी त्याच्यासाठी "ते" आहे. यावर मी रडत बसले नाही, कारण मला पुढचं काम दिसत होतं.

पुढचं काम म्हणजे शाळा. मी नागरवाड्यातल्या एका शाळेत शिकवते, दुपारपाळीला, बारा ते पाच. रजा होती नव्हती ती सगळी वापरून झाली होती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर होणं भाग होतं. सकाळी एक बाई येऊन त्याची अंघोळ उरकून जाते. दुपारी राहायला दोघी येऊन गेल्या. एकीच्या अंगावर त्याने ताट भिरकावलं, दुसरी न सांगताच यायची थांबली. लेक परदेशात, तिचं बाळ तीन महिन्यांचं. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, कारण ऑक्टोबरात मी खाली भाजी घ्यायला गेले तेवढ्यात तो जिना उतरून कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला होता. वॉचमनने घर कुठे विचारलं तर सांगता येईना. मला बारा ते पाच बसायला माणूस हवा होता. काही करायचं नाही, फक्त बसायचं.

असा एक माणूस होता. याचा मित्र, गुजराती, बावीस वर्षं एकाच बसमध्ये शेजारी बसून गेलेले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, दोन सोसायट्या सोडून राहतो. दवाखान्यात त्याने स्वतःहून माझा हात धरून सांगितलं होतं, "भाभी, मी तर एकदम नवरा माणूस. दुपारी मी बसेन ना." गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. त्याचं मराठी असंच आहे. तो दोनदा आला. दोन्ही वेळा समोर बसून पंख्याकडे पाहत राहिला, माझा नवरा "ते, ते" करत राहिला, आणि तिसऱ्या वेळी तो आला नाही. मला त्याचा राग नव्हता. बोलता न येणाऱ्या मित्रासमोर बसणं अवघड असतं. पण मला माणूस हवा होता, आणि बेसत्या वर्षाला तो येणार हे नक्की होतं. दरवर्षी टूलरूमचे चौघं आमच्याकडे एकत्र येतात. त्या दिवशी त्याला परत जोडून घ्यायचं, असं मी ठरवलं.

म्हणून धोक्याच्या दिवशी मी आजारपण घरातून काढलं. भाड्याने आणलेला कठड्यांचा पलंग मागच्या खोलीत ढकलला. कमोडची खुर्ची गॅलरीत नेऊन वर चादर टाकली. औषधं खणात, वॉकर कपाटामागे. भिंतीत आधारासाठी ठोकलेला स्टीलचा दांडा काढता येईना, म्हणून त्यावर आसोपालवाच्या पानांचं तोरण आणि झेंडू गुंडाळले. पाणीगेटच्या बाजारातून नवे पडदे मागवले. चकल्या, चिरोटे घरी केले, मठिया आणि घूघरे बाहेरून मागवले. दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. मनात हिशोब साधा होता. घर हसतं असलं तर माणूस बसतो. आजाऱ्याच्या घरातून लोक पळतात.

भेटवस्तूंचाही विचार केला होता. मिठाईचा डबा सगळेच देतात आणि तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या घरी जातो. एकाचे गुडघे धरतात, त्याला शेकायची पिशवी. एकाने गच्चीत भाज्या लावल्यात, त्याला झारी. एकाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, त्याला गळ्यात अडकवायची साखळी. आणि या मित्राला चुंबकाची बुद्धिबळाची पेटी. बसमध्ये दोघं असाच पट मांडीवर घेऊन खेळत असत. पहिला तर केव्हाच मोडला होता. खेळायला बोलावं लागत नाही. नवऱ्याचा डावा हात चालतो आणि घोडा कसा जातो ते त्याला आठवतं, हे मी आधी पाहून घेतलं होतं. पट त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, दुपारी इथे येऊन खेळा. असं वाक्य मी तयारही करून ठेवलं होतं.

सकाळी नवऱ्याला रेशमी झब्बा घातला, सोफ्यावर बसवलं, उजवा हात उशीवर ठेवून वर शाल टाकली. साडेसातला बेल वाजली. समोरच्या घरातली दोघं. दार उघडलं आणि मागून आवाज आला, "साल मुबारक! आवो, आवो, बेसो!"

स्वच्छ. पहिल्यासारखा भरदार.

शेजारीण ओरडलीच, "अरे वाह, अंकल तर बोलले!" त्याने तिच्यापुढे डाव्या हाताने ताटली सरकवली आणि म्हणाला, "लो ने, थोडुं तो लो." ती जाताना "आवजो, आवजो". मी दार लावलं, त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "चहा हवा?" त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, बराच वेळ हलले. मग म्हणाला, "साल मुबारक."

"बाथरूमला जायचंय?"

"बेसो, बेसो," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले, कारण बाथरूमलाच जायचं होतं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, सवयीची वाक्यं मेंदूत वेगळीकडे असतात, ती कधीकधी वाचतात. हे मला त्या सकाळी दहा मिनिटांतच कळलं होतं. पाहुण्यांशी बोलायचं तेवढं वाचलं होतं आणि घरच्यांशी बोलायचं सगळं गेलं होतं. वाचलेलं सगळं गुजराती. मराठीत "ते" सोडून एक शब्द नाही.

साडेनऊला चौघं आले. जिन्यातच त्यांचा गलका ऐकू येत होता. दार उघडताच मित्राने वाकून रांगोळी पाहिली आणि म्हणाला, "भाभी, तुमी तर घराचा पॅलेस करून टाकला! तिकीट लागणार काय?"

आतून आवाज, "आवो, आवो! साल मुबारक!"

चौघं जागच्या जागी थांबले. मग मित्र धावला, चप्पल काढायचंही विसरला, आणि नवऱ्याला मिठी मारली. "अरे बोलतो आहे! हा तर फर्स्टक्लास बोलतो आहे! भाभी, तुमी सांगितलं नाही?"

"भाई, तेवढंच येतं त्यांना," मी म्हणाले. "सणाचं, आल्यागेल्याचं. बाकी काही नाही."

"काय तुमी पण!" तो हसला. "सणाचा सपरमा दिवस आहे, असं नका बोलू. नजर लागेल." आणि नवऱ्याला, "केम छो, बॉस?"

"मजामां, मजामां," नवरा म्हणाला. तोंडभर हसून.

बाकीचेही बोलू लागले. कारखान्यात नवा साहेब आला, त्याला मायक्रोमीटर धरता येत नाही. "तुमी या परत, तो स्टुलावर उभा राहून सलाम मारेल." नवरा हसायच्या जागी हसत होता. आपण पाहुण्यांसमोर कसे हसतो, कधी मान हलवतो, तेही वाचलेलं होतं. शालीखालचा हात कोणाला दिसला नाही. मीच तो लपवला होता.

मी बुद्धिबळाची पेटी मित्राला दिली. "भाई, हे तुमच्यासाठी. दुपारी इथेच..."

त्याने उघडली, सोंगट्या चिकटवून पाहिल्या. "वाह! माझ्या नातीला हेच पाहिजे होतं. समर क्लासमध्ये शिकली ना ती. भाभी, तुमाला कसं समजलं?"

"मी म्हणत होते, तुम्ही दोघं खेळाल."

"खेळू ना, खेळू. आता हा बरा झाला, आता काय घाई?"

आणि ते उठले. अजून नऊ घरं होती. बेसतं वरस म्हणजे बसणारं वर्ष, पण त्या दिवशी बडोद्यात कोणी बसत नाही. मुखवास तोंडात टाकतात आणि पुढचं घर. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. तिथे सांगायला हवं होतं. भाई, गॅलरीत चादरीखाली कमोड आहे, या, दाखवते. पण समोरच्या घरी पाहुणे चढत होते, माझ्या अंगावर पैठणी होती, आणि जिन्यात उभं राहून मदत मागायची सवय मला कोणी लावली नाही. मी म्हणाले, "या हं परत." तो म्हणाला, "आवशुं, आवशुं."

लाभपाचमीला दुकानं उघडली तेव्हा मी त्याला फोन केला आणि सरळ विचारलं. दुपारी बाराला येऊन बसाल का, माझी शाळा सुरू होते आहे.

"येतो ना भाभी. पण त्याला आता बसायला माणूस कशाला? त्याने तर मला स्वतः जा म्हणून आवजो केलं." मग जरा थांबून, "आमी दीवला फिरायला चाललो सगळे. देवदिवाळी होऊ दे."

मी आणखी समजावू शकले असते. समजावलंही थोडं. पण ज्या माणसाने डोळ्यांनी नटलेलं घर आणि हसणारा मित्र पाहिला, त्याला फोनवरून आजारपण दिसत नाही. त्याला आजारपणाची भीती होती आणि मीच त्याला आजारपण उरलं नाही असं समजायला कारण दिलं होतं.

शाळेत सकाळपाळी मागितली. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, जूनमध्ये बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी कुलूप लावून जाऊ लागले. गॅस खालून बंद. जेवण डाव्या हाताने खाता येईल असं, वाटीत. पलंग पुन्हा पुढच्या खोलीत. बाहेरून कडी, कडीला कुलूप. समोरची दोघं कामावर जातात, त्यांची किल्ली ठेवायची तयारी नव्हती आणि मी त्यांना दोष देत नाही. शाळेत एकीला सांगितलं, तर तिने विषय बदलला. त्यानंतर कोणाला सांगितलं नाही. रोज साडेपाचला कुलूप उघडताना माझा हात आधी दारावर टेकतो आणि मी आतला आवाज ऐकते. आवाज असला की आत जाते. नसला तरी आत जावंच लागतं.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी दार उघडलं तर ते अर्धंच उघडलं. आतून खुर्ची लावली होती. खुर्चीत तो बसला होता, दाराकडे तोंड करून. सदरा चढवलेला, बटणं एक सोडून एक. टीपॉयवर दोन स्टीलचे ग्लास होते. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत फरशीवर पाणी सांडलेलं. तो पडला नाही हे नशीब. मी विचारलं, "हे काय?" त्याने दाराकडे बोट केलं. "ते. ते. ते." मी त्याला उचलून पलंगावर नेलं आणि थोडी रागावलेही, कारण ओल्या फरशीवर घसरला असता तर मला सहा तासांनी कळलं असतं.

फरशी पुसत होते तेव्हा मित्राचा फोन आला.

"भाभी, आज आलेलो तुमच्याकडे. दोन वाजता. नातीने पट दिला, बोलली आजोबा, जा, मित्राशी खेळा. पण तुमचं तर कुलूप!"

मी फोन खांद्याशी धरून पुसत राहिले.

"चार वेळा बेल मारली. मग बघितलं, अरे, कुलूप. छान झालं, दोघं बाहेर निघता आता. फिरवा त्याला." तो हसला. "पण भाभी, टीव्ही चालू राहिला होता. आत कोणीतरी आवो आवो करत होतं. बिल येईल हां मोठं."

फडकं माझ्या हातात होतं. पलंगावरून नवरा माझ्याकडे पाहत होता. आता सांगायचं, तर सांगावं लागणार होतं की मी याला कोंडून जाते.

"हो ना भाई," मी म्हणाले. "घाईत निघालो आम्ही. राहिलाच टीव्ही."

"पुढच्या वेळी फोन करून येतो," तो म्हणाला.

तो फोन करून येणारा माणूस नाही. बावीस वर्षांत त्याने कधी फोन करून दार वाजवलं नाही. मी फडकं पिळलं आणि उरलेली फरशी पुसून काढली.