बॅटरी सोडून गेलेला चोर

घरफोडीचे गुन्हे मी नोकरीत इतके हाताळले की त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. वाचनालयातली ती चोरी मात्र अजून लख्ख डोळ्यांपुढे आहे. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो.

गाव बाजाराचं. तिथलं सार्वजनिक वाचनालय म्हणजे तीन खोल्या आणि पुढे पडवी, पण काम मोठं. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी, दिवसभर अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं, रविवारी लहानग्यांसाठी गोष्टी, शिवाय आसपासच्या खेड्यांत फिरणारी पुस्तकांची पेटी. ग्रंथपाल बाईंनी त्यात दुपारच्या बायकांच्या संगणक वर्गाची भर घातली होती. पीक विम्याचा अर्ज, सातबारा, मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, या कामांसाठी आजवर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या बायका ती स्वतः करू लागल्या होत्या. वर्ग चालवायची एका शेतकरी घरातली सून. ती त्याच वर्गात शिकली आणि तिथेच शिकवायला लागली. खोलीची चावी तिच्याकडे असे.

एका सकाळी ग्रंथपाल बाई फिर्याद द्यायला आल्या. वर्गाचे चारही लॅपटॉप गेले होते. मी पंचनाम्याला स्वतः गेलो. कुलूप शाबूत होतं, म्हणजे चावीनेच उघडलेलं. पण माझं लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे. ती जागेवर होती. आमच्या भागातला चोर आधी बॅटरी उचलतो, कारण ती कुठेही खपते. अभ्यासिकेचा संगणक आणि प्रिंटर यांनाही हात लागला नव्हता. बायका शिकायच्या तेवढ्याच वस्तू गेल्या होत्या.

"हा विकणारा चोर नाही," मी हवालदारांना म्हणालो.

तरी नेहमीचा तपास केला. मोबाईल दुरुस्तीची दुकानं, भंगारवाले, रेकॉर्डवरचे गुन्हेगार. हाती काही लागलं नाही. गावाने मात्र निकाल लावून टाकला होता. वाचनालयाचे अध्यक्ष ठाण्यात आले आणि म्हणाले, "साहेब, चावी तिच्याजवळ, कुलूप धड. अजून काय पाह्यजे? तिले घ्या आत. वर्ग तं आम्ही बंदच करून राह्यलो."

"पुरावा नसताना मी कुणाला आत घेत नाही," मी सांगितलं.

तिचा जबाब मात्र घ्यावाच लागला. महिला अंमलदारासमोर ती ताठ बसली होती. चावी घरी खुंटीवर असते, म्हणाली. घरी कोण कोण, विचारलं.

"हे, सासूबाई अन मी," ती म्हणाली आणि गप्प झाली. त्या गप्प होण्यात तिच्या मनातला संशय होता, पण तो तिने तोंडातून निघू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी एक म्हातारी बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराला काही सांगेना. ठाणेदारालाच भेटायचं म्हणून बाकावर बसून राहिली. मी आत बोलावलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी तिची सासू हावो. तुमच्या वस्तू माह्या वावरातल्या खोपडीत हायेत. कुटाराखाली. बैलाले कुटार काढ्याले गेलती, तं हाताले लागल्या." खोपडी म्हणजे शेतातली झोपडी आणि कुटार म्हणजे गुरांसाठी साठवलेला भुसा.

"कुणी ठेवल्या, आजी?"

"माह्या पोरानं. दुसरं कोण ठेवन? लोक माह्या सुनेले चोर म्हणून राह्यले. अन तो आयकून घेते, जेवते, निजते. मले नाही पाहवत."

तिचं नाव बाहेर येऊ देणार नाही, असं मी म्हणालो. तिने मान हलवली. "कायले लपवता? घरात तिघंच तं हाय. त्याले समजनच."

मी साध्या वेशातला एक शिपाई त्या शेताकडे पाठवला, माल हलू नये म्हणून. तो मुलाने स्वतः काढून दिला, तरच त्यानेच ठेवल्याचं सिद्ध होणार होतं. मग मुलाला ठाण्यात आणलं. तिशीचा, धडधाकट, शेतीतला कष्टाळू माणूस. पूर्वीचा एकही गुन्हा नाही. असा माणूस दरडावल्याने बोलत नाही, उलट आखडतो. मी त्याच्याशी सोयाबीनच्या भावावर बोललो, बैलांवर बोललो. चोरीचं विचारलं की त्याचं एकच उत्तर, "मले काही माहीत नाही, साहेब."

शेवटी मी फाईल मिटली आणि महिला अंमलदाराला हाक मारली. त्याच्यादेखत म्हणालो, "चावी याच्या बायकोकडे होती. आता तिलाच पुन्हा बोलवावं लागेल."

तो उठून उभा राहिला. "तिले कायले बोलावता? तिनं काहीच नाही केलं."

"तुला काय माहीत?"

तो पुन्हा खाली बसला. मग बोलायला लागला. पानठेल्यावर मित्र चिडवायचे. बायको मास्तरीण झाली, आता तूच भाकरी थाप, म्हणायचे. लॅपटॉप नसले तर वर्ग मोडेल आणि ती घरी बसेल, एवढंच त्याने मनात धरलं होतं. चोरीचा आळ तिच्यावर येईल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आळ आला तेव्हा सांगायची हिंमत उरली नव्हती.

दोन पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं. त्याने स्वतः खोपडी दाखवली, कुटार बाजूला केलं. चारही लॅपटॉप खताच्या पोत्यात नीट गुंडाळलेले होते. न्यायालयाच्या आदेशाने ते सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, वाचनालयाला परत मिळाले. त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडलं.

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मी गणवेशात गेलो होतो. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्या सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. बसायले जागा कमी पडून राह्यली, तेवढी वाढवून द्या." खरंच, पूर्वीपेक्षा बायका जास्त आल्या होत्या. नवऱ्याचं घर तिने सोडलं नाही. पण वर्ग सुटणार नाही, हे त्याला तो सुटून घरी आला त्याच दिवशी सांगितलं. पुढे सतरंज्या टाकायला तोही येऊ लागला, असं ग्रंथपाल बाईंकडून कळलं.

निवृत्तीनंतर आता महिन्यातून एकदा मी त्याच वर्गात जातो. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीपासून कसं सावध राहायचं ते सांगतो. माझ्या कपाटात काही प्रशस्तिपत्रकं आहेत, पण मला विचाराल तर त्या खोलीत मिळणारी खुर्ची त्यांच्याहून मोठी आहे. या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. गुन्हा उघडकीला येतो तो बहुतेक वेळा कुणीतरी सामान्य माणूस आपल्याच घराविरुद्ध उभा राहतो म्हणून. आम्ही पोलीस त्यानंतरचं काम करतो.

त्या आजींना मी एकदा विचारलं होतं, पोटच्या पोराविरुद्ध ठाण्याची पायरी चढताना जड नाही गेलं?

त्या म्हणाल्या, "पोटचा हाय म्हून तं आली, साहेब. परक्याचा असता तं मी एवढ्या उन्हात कायले चालत आली असती?"