वहिनीनं पाणी थांबवलं नाही

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, माझ्या घरी स्वयंपाक करत होते. दादा एवढंच म्हणाला, "गेली गं… शेतातून आली, बसली, अन् गेली." मी फोन ठेवला आणि खाली लागत आलेली भाजी परतत राहिले. पंधरा दिवस झाले. अजून नीट रडूही आलेलं नाही.

केदारखेड्याला आमच्या घरी ती सून म्हणून आली ती सातवी शिकून. आईला अक्षरओळख नव्हती. माझ्या पाठची दोन भावंडं लहानपणीच जुलाबानं गेली होती. घरात त्यावर कुणी बोलत नसे. वहिनीची सुनीता रांगायला लागली आणि त्या उन्हाळ्यात तिलाही जुलाब लागले. डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात. आईनं पाणी बंद करायला सांगितलं. तेव्हा घरोघरी तसंच करत. वहिनीनं मात्र पाणी उकळून निववलं, मीठ-साखर घातली आणि चमच्यानं पाजायला बसली.

"अगं, वरून घातलं तर खालून जातंच ना! मारती का लेकराला?" आई ओरडली.

वहिनीनं पुढचा चमचा भरला. "आत्याबाई, पाणी बंद करणार न्हाई मी. नर्सबाईला खोदून खोदून विचारलंय."

गावात येणाऱ्या नर्सबाई हे पाणी पाजायचं सगळ्यांनाच सांगून जायच्या, बायका माना डोलवायच्या. मीठ किती, साखर किती, उलटी झाली तर काय, हे विचारलं ते वहिनीनंच. शाळेत उभं राहून विचारायची सवय लागली, ती म्हणायची. दादाला जीप मिळेपर्यंत ती पाजतच राहिली. "पाणी चालू होतं म्हणून पोरगी वाचली," भोकरदनचे डॉक्टर म्हणाले.

सुनीता घरी आली तेव्हा आई बराच वेळ तिचे तळपाय चोळत बसली. मग हळूच म्हणाली, "माझी दोघं पाण्यासाठी तडफडली… मी दिलं न्हाई." वहिनीनं वाटी-चमचा आईच्या हातात दिला.

परवा तेरावं झालं, माणसं पांगली. संध्याकाळी आईनं ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढं धरलं.

"वाच."

"आई, रोजचीच गोळी आहे."

"ती रोज वाचून दाखवायची. मंगच मी घ्यायची."

मी नाव वाचलं, तारीख वाचली.

"हळू वाच," आई म्हणाली. "ती हळू वाचायची…"