कौल पडला नाही तेव्हा

हे लिहायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. एक तर यात माझीच फजिती आहे, आणि देवाबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही, असं आमच्या सासूबाईंचं म्हणणं आहे. तर सरळच सांगते. जी बाई रत्नागिरीत भेटेल त्याला ‘मुलांना घरी शिकवा, घरात पुस्तकं असली की वाचनाची गोडी आपोआप लागते’ असं ऐकवून ऐकवून वैताग आणायची, तिची स्वतःची धाकटी मुलगी नऊ वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं. ती बाई मीच.

लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा दोघी मुलींना मी घरीच शिकवायला लागले, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर त्यांना पाठवायचं माझ्या मनात येईना. थोरली मुक्ता पुस्तकाशिवाय जेवायलाही बसत नव्हती. आमचे हे पोस्टात. ते कामावरून येईपर्यंत आमचं गणित, मातीतली कामं, स्वयंपाक, सगळं आटपलेलं असे. आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, मुलींचा परवचा झाला की पडवीत पाट मांडायचा. जो वाचणार त्याने पाटावर बसायचं, बाकीच्यांनी खाली सतरंजीवर. एक दिवस हे, एक दिवस मी, एक दिवस मुक्ता. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण एखादं प्रकरण चुकलेलं त्यांना चालत नसे. रेवाची पाळी अजून यायची होती. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, आणि ऐकताना तिचा चेहरा असा काही खुलायचा की हिला वाचन येणार नाही अशी शंका कुणाच्या मनात आली असती?

आणि ती वाचतही होती की! आठव्या वर्षी चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन घडाघडा वाचून दाखवायची, पानं बरोबर वेळेला उलटायची. मी तिचा व्हिडिओ करून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग एक दिवस पुस्तकाची दोन पानं दमट हवेनं एकमेकांना चिकटली होती. रेवानं ती दोन्ही एकदम उलटली, आणि मधल्या, न दिसणाऱ्या पानावरची गोष्ट तितक्याच सुरात म्हणून टाकली. पोरीचं सगळं पाठ होतं. आमच्या घरात इतकं मोठ्यानं वाचलं जायचं की तिनं पुस्तकंच्या पुस्तकं कानांनी उचलली होती. शाळेतल्या बाईंच्या हे आठ दिवसांत लक्षात आलं असतं. मला वर्ष लागलं.

त्यानंतरचे सहा-सात महिने मला आठवले तरी लाज वाटते. मी रोज सकाळी तिला घेऊन बसायचे. पाटीवर मोठं अक्षर काढलं की ओळखायची, आणि पुस्तकातली ओळ पुढं केली की तोंड फिरवायची. “अक्षरं हलतात,” म्हणायची. “डोकं दुखतं.” डोळे चोळायची. मी म्हणायचे, नाटकं पुरेत. एकदा तर पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही, पण त्या संध्याकाळी पडवीत गोष्ट ऐकायलाच आली नाही. “मला पुस्तक नको,” म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला गोष्टींचा कंटाळा यायला लागला गो, हे काय बरं लक्षण नाय.” त्या दिवशी मी खरी घाबरले. वाचता आलं नाही तर एक वेळ शिकवता येईल. पण जे आवडतं तेच मी तिच्यासाठी कडू करून टाकलं तर?

हे शांत माणूस. एका रविवारी म्हणाले, “जूनमध्ये दोघींनाही शाळेत घालू या. तुझ्यावर राग नाही माझा. पण रेवाचं असंच चाललं तर उद्या तिला आपण काय उत्तर देणार?” शाळेत घातलं तर चौथीच्या वर्गात, वाचता न येणारी म्हणून ती सगळ्यांच्या देखत उभी राहणार. घरी ठेवलं तर माझ्या हाताखाली अशीच वाळत जाणार. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं सरकवून ठेवली. चिठ्ठ्या लिहून देवाला कामाला लावणाऱ्या बायकांना मी आजवर हसत आले होते. त्या दिवशी हसू आलं नाही.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मी रेवाला घेऊन माहेरी गेले, पूर्णगडच्या अलीकडं, कौल लावायला. आमच्या ग्रामदेवतेला अडल्यानडल्याला असंच विचारायची पद्धत आहे. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवकाका मला परकरी पोर असल्यापासून ओळखतात. त्यांनी नारळ ठेवला, पाकळ्या लावल्या आणि माझ्या वतीनं विचारलं, पोरीला शाळेत घालायचं असंल तर उजवी दे, घरीच ठेवायचं असंल तर डावी. आम्ही बसून राहिलो. समईची वात दोनदा पुढं सारून झाली. रेवा खांबाला टेकून मुंग्या बघत होती. ना उजवी पाकळी हलली, ना डावी. काकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही.

“आज देव बोलत नाय गो बाय,” ते शेवटी म्हणाले. “तुझा प्रश्नच त्याला पटलेला नसंल.”

मला इतका राग आला! देवाचाच. एवढ्या उन्हात पोरीला घेऊन आले, दोनच पर्याय ठेवले समोर, एक निवडायला काय हरकत होती? पाया पडताना मी मनात म्हटलं, बरं बाबा, नको सांगूस. आता माझ्याकडं विचारायलाही काही उरलं नाही. तुझं तू बघ. ही काही भक्ती नव्हती, शुद्ध वैताग होता. पण आज वाटतं, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच हात सोडले होते.

पाचची एसटी खाडीकडच्या थांब्यावरून मिळते. आम्ही चालत खाली आलो तर गाडीला अजून तासभर होता. जेट्टीपाशी सावली बघून एक म्हातारे गृहस्थ जाळं शिवत बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. “बसा इथं, तिकडं तापतंय,” म्हणाले, आणि घडी केलेलं गोणपाट आमच्याकडं सरकवलं. आयुष्य तांडेल म्हणून बोट हाकण्यात काढलेलं, आता वय झाल्यावर काठावर बसून मुलांच्या जाळ्यांची डागडुजी करत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मग आम्हीही म्हणू लागलो.

माशांच्या बोटी परत यायची वेळ होती. खाडीच्या तोंडाशी एक ठिपका दिसला की चाचा नुसत्या आकारावरून ती कुणाची ते ओळखायचे. रेवाला हा खेळ फार आवडला. ती उठून कठड्याशी जाऊन उभी राहिली. मी पर्समधून सवयीनं गोष्टींचं पुस्तक काढलं, आणि पोरगी तिकडं रमलेली बघून तसंच मांडीवर ठेवून दिलं. हे नुसतं बाळगायचं ओझं झालंय, असं वाटलं.

“चाचा, ही कुठली?” रेवानं विचारलं.

“ती काय आमच्या गावची नाय,” चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले. “नवी दिसते. नाव काय म्हायत नाय.”

“दर्यावर्दी,” रेवा म्हणाली.

मी मान वर केली. बोट अजून लांब होती, मला नाळेवर, पुढच्या टोकावर, नुसता पांढरा पट्टा दिसत होता. “कोणी सांगितलं तुला?”

“लिहिलंय ना. आणि तिच्या मागं समुद्रकन्या येतेय.”

ती बोट जवळ येईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही. नाळेवर अक्षरं उमटत गेली. दर्यावर्दी. मागून समुद्रकन्या. या बोटी तिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या, यांची गोष्ट आमच्या पडवीत कुणी वाचली नव्हती, त्यामुळं पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. माझी मुलगी वाचत होती. जोडाक्षरांसकट वाचत होती. आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

मी घाईघाईनं पुस्तक तिच्यासमोर धरलं. “हे वाच.” तिचा चेहरा क्षणात पडला. डोळे चोळत म्हणाली, “आई, यातली हलतात.”

चाचांनी जाळं खाली ठेवलं. “अगो, तिला का दटावतेस? माझं पण असंच हाय. क्षितिजावरची डोलकाठी मोजीन, पण सुईत दोरा ओवायचा म्हटला की सगळं धुरकट.” त्यांनी कानावरचा दोरा सोडवला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि रेवाच्या नाकावर ठेवला. तो तिच्या गालांपर्यंत उतरला. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि पुस्तकावर वाकली.

पान एकदा जवळ, एकदा लांब करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आई, अक्षरं थांबली.”

मी तिथंच, जेट्टीवर, कोळणी टोपल्या घेऊन ये-जा करत असताना, तोंडावर पदर धरून रडले. चाचा बिचारे गांगरले. “काय झालं गो? पोर वाचते तर रडतेस कशाला?” रेवा मात्र आमच्याकडं लक्षच देत नव्हती. एकेका शब्दाखाली बोट सरकवत ती पहिलं पान वाचत होती. एसटी आली तेव्हा मी चष्मा परत करायला लागले, तर चाचांनी हात मागं घेतला. “डाक्टरकडं जाईपर्यंत राहू दे तिला. माझ्याकडं दुसरा हाय घरी.”

रत्नागिरीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. जवळचा नंबर बराच मोठा होता, लांबचं ती डोळ्यांना ताण देऊन बघत होती, म्हणूनच डोकं दुखत होतं. “शाळेत तपासणी झाली नाही का कधी?” त्यांनी सहज विचारलं. मी खाली मान घालून म्हटलं, “आमच्याकडं शाळाच नाही.” सगळ्या शाळांतून मुलांचे डोळे तपासतात. घरी पुस्तकांची रांग लावणाऱ्या आईला पोरीचे डोळे तपासावेत हे सुचलं नव्हतं. त्या पुस्तकांचा मला केवढा गर्व होता!

दहा दिवसांनी, रेवाचा चष्मा झाल्यावर, आम्ही आंबापोळी घेऊन चाचांचा चष्मा परत करायला गेलो. ते त्याच जागी जाळं शिवत होते, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी गाठी चाचपत. दुसरा चष्मा बिष्मा काही नव्हताच. मी रागावले तर हसायला लागले. “पन्नास वर्षांची गाठ हाय, हातांना म्हायत हाय. पोरीच्या डोळ्यांना कुठं म्हायत होतं?” मी म्हटलं, “चाचा, त्या दिवशी देवानंच तुम्हाला तिथं बसवलं.” त्यांनी आंबापोळीचा तुकडा मोडला. “मी तर रोजच इथं बसतो,” म्हणाले.

या वाक्यानं मला फार शिकवलं. मी वर जाऊन देवाला दोन पाकळ्यांत बोलायला सांगत होते, आणि ज्याच्याकडून उत्तर यायचं होतं तो माणूस खाली रोज बसलेला होता. माझा प्रश्न सुटला तो मी विचारला तसा नाहीच. शाळा की घर हा प्रश्नच नव्हता. मुलीचं म्हणणं खरं मानणं एवढंच करायचं होतं, आणि ते मला नुसत्या माझ्या हुशारीनं कधीच सुचलं नसतं. जूनमध्ये ह्यांनी रेवालाच विचारलं. ती म्हणाली, यंदा घरी, पुढच्या वर्षी बघू. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. सासूबाईंना त्याचंच जास्त नवल वाटलं.

रेवा त्या दिवसांत दिसेल ते वाचत सुटली होती. काडेपेटी, कॅलेंडर, मिठाची पिशवी. गणपतीच्या आधी मी देव्हारा स्वच्छ करायला काढला, तांब्याची भांडी चिंचेनं घासत होते. देव उचलून ताम्हनात ठेवायचं काम तिचं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, एकेक शब्द सुटा करत.

“देवा, रेवाला वाचता येऊ दे. चूक झाली असेल तर ती माझी आहे, तिची नाही.”

माझे हात चिंचेत थांबले. ती चिठ्ठी मी साफ विसरून गेले होते. रेवानं पुन्हा एकदा मनात वाचली, ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, आता विचारेल, कसली चूक? मी उत्तर जुळवत होते. पण तिनं चष्मा वर सरकवला, आत जाऊन पेन्सिल घेऊन आली, पालथी पडून माझ्या दोन ओळींखाली काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि गणपती जागेवर ठेवून त्याच्यामागं होती तशी सरकवली.

ती खेळायला गेल्यावर मी ओल्या हातांनी घडी उघडली. खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आलं.’

त्या संध्याकाळी पाटावर पहिल्यांदा रेवा बसली. चिठ्ठी अजून तिथंच आहे. रोज फूल वाहताना माझा हात तिला लागतो, आणि मी देवाकडं वेगळं काही मागत नाही.