अभिजितजवळचं कडं

लोणावळ्याच्या बाजारात माझ्या चिक्कीच्या दुकानाला लागून राजमहंमदचं फोटोचं दुकान होतं. फोटो तो काढायचा, पण दुकान चालायचं त्याच्या बायकोच्या, ताजुन्निसाच्या हातावर. तेव्हा फोटो आधी काचेवर उलटा उमटायचा, उजेड काळा आणि अंधार पांढरा. त्या काचेवरच्या चेहऱ्यांचे देवीचे व्रण ती पेन्सिलीनं बुजवायची, काळे ठिपके बारीक पात्यानं खरवडून काढायची. तिच्या हाताखालून गेलेला नवरदेव घरच्यांनासुद्धा ओळखू यायचा नाही!

राजमहंमदला वेड आकाशाचं. अभिजित ताऱ्याजवळ धुरकट तेजाचं एक कडं आहे, ते त्याला स्वतःच्या दुर्बिणीतून काचेवर धरायचं होतं. पण तो तारा डोक्यावर येतो ऐन पावसाळ्यात, आणि आमचा पाऊस काय सांगावा! उरतात दिवाळीच्या आसपासच्या मोजक्या संध्याकाळी. त्यातही ढग, नाहीतर धुकं. कैक वर्षं अशीच गेली. बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला काय कळतंय, म्हणायचा. शहाणाच!

छत्तीस साली एकदाचं जमलं. काच धुऊन त्यानं वाळत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला बघायला घरात नेलं. ताजुन्निसा काच घेऊन हसत उभी होती.

"अहो, किती डाग पडले होते हिच्यावर! सकाळपासून बसून सगळे काढले."

सगळे तारे गेले होते. मोहरीहून बारीक असलेलं ते कडंही.

"आग लागो तुझ्या हाताला!" राजमहंमद माझ्यादेखत ओरडला. "माझ्या काचेला पुन्हा शिवलीस तर बघ!"

तिनं पेन्सिल आणि पातं खाली ठेवलं, ते कायमचंच. फोटोत व्रण जसेच्या तसे दिसायला लागले, गिऱ्हाईक तुटलं. राजमहंमदनं माफी मागितली, माझ्या बायकोलाही मध्ये घातलं. ताजुन्निसा म्हणायची, आता नीट दिसत नाही. खोटं होतं ते. सुईत दोरा ती एका झटक्यात ओवायची.

मला त्याचा अजून राग येतो, आणि वाईटही वाटतं. आकाश दर वर्षी फिरून तिथंच येतं, घाई कसली होती?

दोन वर्षांनी कडं पुन्हा काचेवर आलं, पहिल्यापेक्षा स्वच्छ. या खेपेला तो आधी तिच्याकडं गेला. काच उजेडात धरून त्यानं तिला तारा दाखवला, कडं दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"छान आलंय," ती म्हणाली.

"ताजू, हातात घेऊन बघ की."

"नको," ती मागं सरली. "पडली तर?"