दारात दोन आचके

शहाडच्या भाऊ प्रधानांना वाईट वाटायचं बंद झालं होतं. हे त्यांनी स्वतःच मुलीला सांगितलं, आणि तेही हत्यारांची पेटी उपसता उपसता. "पूर्वी फार व्हायचं गं. आता काहीच होत नाही. बरं आहे एका परीनं. तो दहा नंबरचा पाना दे."

जन्मभर कारखान्यात गेज नि व्हॉल्व्ह दुरुस्त केलेला माणूस. बायकोला विसरायला होऊ लागलं तेव्हाही त्यांना वाटलं, कुठला तरी भाग बदलला की झालं. डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी हैराण केलं. मग एके सकाळी सुमतीबाईंनी चहाचा कप घेताना त्यांनाच विचारलं, "आपण कोण?" त्यानंतर भाऊंनी कुणालाच काही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. दिवसभर घरात वावरणारे भाऊ बाईंना परके वाटत. पण संध्याकाळी तेच भाऊ आपल्या जुन्या मोटरसायकलवरून दारात आले, की बाई लगबगीनं दार उघडत. "आलात? किती उशीर!" मग तासभर भाऊ त्यांचा नवरा असत. तेवढ्यासाठी हा निवृत्त गृहस्थ रोज, काम नसताना, कल्याणला चक्कर मारून यायचा. तोवर शेजारच्या कांताताई बाईंपाशी बसत.

गाडी मात्र म्हातारी झाली होती. कार्बोरेटर झिजलेला, मनात आलं तर चालणार. एकदा विठ्ठलवाडीला ती जी रुसली ती रुसलीच. इकडे वाट बघून बाई रस्त्यावर निघाल्या, त्यांना कांताताईंनी नाक्यावरून हाताला धरून परत आणलं. भाऊ गाडी ढकलत घरी पोचले, तर बाई पदर सावरून आतल्या खोलीत निघून गेल्या. परक्या पुरुषासमोर कशाला बसायचं!

मैथिली, त्यांची मुलगी, टिटवाळ्याला राहायची. ती म्हणाली, "बाबा, नवी स्कूटर घ्या ना सरळ."

"नवी ती ओळखणार नाही. हीच ठेवायची. कार्बोरेटर काढतो नि फ्युएल इंजेक्शन बसवतो. इंजिन तेच, सायलेन्सर तोच, आवाज तोच. रस्त्यात बंद पडायचा प्रश्नच नाही."

मग ओटीवर पसारा मांडला गेला. कुठल्याशा नव्या स्कूटरचा इंजेक्टर भंगारातून आला, पेट्रोलचा पंप आला. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारी छोटी पेटी सीटखाली बसली. सायलेन्सरला भोक पाडून त्यात सेन्सर बसवला. टाकीखालचा, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक काढून तिथून पंपाची नळी घेतली. लॅपटॉपवर आकडे जुळवत भाऊ कितीतरी दिवस चाकाशेजारी मांडी घालून बसले. सुमतीबाई अधूनमधून डोकावून मैथिलीला विचारत, "हे मेकॅनिक जेवणार का गं इथे?" भाऊ मान वर न करता म्हणत, "जेवेन."

गाडी एका किकमध्ये चालू झाली. कल्याणला जाऊन आली, कुठे म्हणून अडखळली नाही. दारात येऊन भाऊंनी चावी फिरवली नि गाडी मुकाट गप्प झाली. दार उघडलं नाही. त्यांनी बेल वाजवली.

"कोण?"

"मी आलोय."

"हे घरी नाहीत. बाहेर बसा, येतीलच."

भाऊ पायरीवर बसले. वाईट वाटलं नाही, फक्त डास फार चावत होते.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. शेवटी कांताताई म्हणाल्या, "भाऊ, तुमची गाडी दारात येऊन आचके द्यायची ना? ते कुठं गेलं?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. कार्बोरेटर रात्री गळायचा, म्हणून ते रोज घरी येताना शहाडच्या पुलाच्या उतारावरच कॉक बंद करत. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत यायची आणि दोन आचके देऊन विझायची. वर्षानुवर्षांची सवय. बाई ओळखतात तो आवाज हाच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता कॉकच नव्हता.

रविवारी त्यांनी सगळं उतरवलं. जुना कार्बोरेटर धुऊन पुसून परत चढवला, कॉक बसवला, सायलेन्सरचं भोक बुजवलं. मैथिली आली होती. भाऊंनी तिलाच चावी दिली.

"तू चक्कर मारून ये. येताना पुलावर कॉक बंद कर. आचके दारातच बसतात का, ते मला आतून ऐकायचंय."

ती गेली. कांताताई त्या दिवशी नव्हत्या, म्हणून भाऊ आत येऊन सुमतीबाईंशेजारी पलंगावर बसले. बाई थोड्या सरकून बसल्या. मग गल्लीत आवाज आला, जवळ आला, दारात चढला, अडखळला. एक आचका. दुसरा. बंद.

जमलं, असं भाऊ म्हणणार होते.

सुमतीबाई ताडकन उठल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. केसांवरून हात फिरवत त्या भाऊंकडे वळल्या आणि आवाज खाली करून, अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "तुम्ही आता निघा हं. आमचे हे आले."

भाऊ उठले. चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडले.