विसाव्या मिनिटाला हँग

पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने मला पाच दिवसांची परीक्षा दिली होती. मंगळवार सकाळ ते शनिवार संध्याकाळ. त्यांचा बाजारात न आलेला गेम खेळायचा, त्यात कुठे काय बिघडतं ते शोधायचं आणि लिहून पाठवायचं. जमलं तर काम घरून, म्हणजे आगरदांड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यातून. नाही जमलं तर पुण्यातल्या एका ऑफिसात दुसरी नोकरी ठरलेली होती, तिथे पुढच्या गुरुवारी हजर व्हायचं होतं. मग बाबा घरात एकटा. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्यामागे बाबाने होडी भावकीत देऊन टाकली आणि तो दिवसभर ओट्यावर बसून लोकांची फाटकी जाळी सांधायला लागला. बोलायचा कमी, जेवायचा त्याहून कमी. मला जायचं नव्हतं. तोंडाने मात्र मी म्हणायचे, बघू, होईल ते होईल.

आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मी इथेही करत नाही. उगाच परका वाटतो.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. रविवारी सकाळी जमिनीवर चटई अंथरली, वर चादर, चादरीवर सगळे भाग मांडले. बाबा जाळं बाजूला ठेवून समोर येऊन बसला. सोळा वर्षं होडीचं इंजिन स्वतः खोलून जोडणारा माणूस, त्याला राहवणार थोडंच! पण मी गुर्मीत. तो विचारी, "ही पट्टी खटक्यावर बसते व्हय? आणि ही पिवळी टोकां पितळेची?"

"रॅम आहे ती. टोकांना सोन्याचा मुलामा असतो. हात नको लावू, बाबा!"

त्याने हात मागे घेतला. दुपारी बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला आणि मी उडीच मारली. संध्याकाळपर्यंत जड जड गेम चालवून पाहिले. कुठे म्हणून अडकला नाही. "जमला गो तुला," बाबा म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

सोमवारी मी जेट्टीवरून फेरीबोटीने दिघीला उतरून म्हसळ्याला गेले, यूपीएस आणायला. आमच्याकडे दुपारी दिवे मिणमिणतात, परीक्षेत तो धोका नको होता. येईस्तोवर संध्याकाळ झाली. यूपीएस लावला आणि निवांत झोपले.

मंगळवारी सकाळी गेम सुरू केला. विसाव्या मिनिटाला चित्र जागच्या जागी थांबलं. स्पीकरमधून एकच सूर घुंऽऽऽ करत राहिला. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना, आतले पंखे मात्र खुशाल फिरतायत. बटण दाबून बंद केला, परत चालू केला. पुन्हा वीसेक मिनिटं, पुन्हा घुंऽऽऽ.

पहिला राग यूपीएसवर. तो काढून टाकला. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुसून नवा टाकला. मग अख्खी विंडोज पुसली आणि पहिल्यापासून घातली, त्यात बुधवारची दुपार गेली. तापमान पाहिलं, बरोबर होतं. रॅम तपासणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवला, सगळं ठीक आहे म्हणाला, मी लगेच विश्वास ठेवला. वीज कंपनीला शिव्या घातल्या, गेमवाल्यांना घातल्या, खारवलेल्या हवेला घातल्या. फक्त कॅबिनेट उघडून बघितलं नाही. का, तर ते मी जोडलं होतं. माझ्या हातून चूक होईल कशी? असला हा माझा ताठा.

गुरुवारी पनवेलच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती हीच दुरुस्तीची कामं करते. सगळं ऐकून तिने विचारलं, "रविवारी चालत होता ना? मग मधल्या काळात घरात कुणी उघडला का तो?"

"छे गं! घरात आहे कोण? एकटा बाबा. त्याला यातलं काय कळतंय!"

बाबा दाराबाहेर, चार हातांवर. त्याने ऐकलं असणारच. जाळ्यातली सुई थांबली होती, हे मला आज आठवतं. तेव्हा मी पडद्याकडे बघत होते.

"तरी उघड," मैत्रीण म्हणाली. "दोन्ही रॅम काढ, पुसून परत लाव. बाकीचं नंतर."

शुक्रवारी सकाळी, तीन दिवस हातचे घालवून, मी एकदाची बाजूची काच काढली. रॅमचा खटका सोडला, पट्टी ओढली आणि बोटं चिकट झाली. पिवळं, घट्ट ग्रीस. सोनेरी टोकांवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, लोणी फासावं तसं. दुसऱ्या पट्टीवर तेच. ग्राफिक्स कार्डाच्या टोकांवर तेच. खोबणीतसुद्धा गेलेलं. गेम सुरू झाला की आत गरम होणार, ग्रीस पातळ होऊन सरकणार आणि जोड सुटणार. म्हणून ती वीस मिनिटं! हे ग्रीस मी लहानपणापासून बघत आलेय. होडीच्या बॅटरीला, वायरलेसच्या पिनांना, दिव्यांच्या जोडांना. धातू उघडा दिसला की आमच्याकडे ग्रीस लागतं, नाहीतर चार महिन्यांत हिरवा गंज चढतो.

माझं डोकं सटकलं.

"बाबाऽऽऽ!"

तो दारात आला. मी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय केलंस तू? कुणी सांगितलं होतं? तीन दिवस गेले माझे, तीन! उद्या संध्याकाळी संपतंय सगळं! आता गेले मी पुण्याला, बस तू तुझं ग्रीस घेऊन!"

तो खालच्या पायरीवर बसला. पट्टीकडे बघतच म्हणाला, "तू म्हसळ्याला गेलीस तवा लावला. मना यातला कळत न्हाय, बरोबर हाय तुजा. खाऱ्या वाऱ्याचा तेवढा कळतो. म्हटला, मशीन गंजली तर पोरगी पुण्याला जाईल. दहा वर्सं टिकाया पायजे."

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी पाठ फिरवून मेडिकलमध्ये स्पिरिट आणायला निघून गेले. माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

परत आले तर बाबाने जुन्या मऊ धोतराच्या चिंध्या कापून ठेवल्या होत्या, आणि तो दारातच उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात.

"ये ना," मी म्हटलं. "खोबणी तू साफ कर."

पट्ट्या मी पुसल्या. खोबणी त्याने साफ केली. दात घासायचा नवा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवायचा, दोनदा फिरवायचा, चिंधीला पुसायचा, परत बुडवायचा. एकेका खोबणीला अर्धा अर्धा तास. मी असते तर दहाव्या मिनिटाला आदळआपट केली असती. तो मात्र मान वर न करता करत राहिला, मधेच विचारी, "हितं जोर देऊ?" आणि मी सांगेपर्यंत हात उचलून थांबे. मग सगळं पंख्याखाली वाळवलं. पट्ट्या बसवायची वेळ आली तेव्हा त्या मी त्याच्या हातात दिल्या. खटक्, खटक्.

गेम लावला. वीस मिनिटं झाली. तीस झाली. बाबा घड्याळाकडे बघत होता, मी बाबाकडे. तासाभराने तो हळूच म्हणाला, "आता मी जाऊ?" आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

उरलेल्या दीड दिवसात मी जेवढं जमलं तेवढं केलं. पाच दिवसांचं काम दीड दिवसात कसं होणार? निम्म्याहून कमी भरलं. शनिवारी संध्याकाळी पाठवून दिलं आणि उशीर का झाला तेही खरं खरं लिहिलं, फक्त ग्रीस कुणी लावलं ते लिहिलं नाही. आशा सोडली होती. सोमवारी बॅग भरली. बाबाने सुके बोंबील आणि सोड्यांची पुडी तीन कागदांत गुंडाळून बॅगेत वर ठेवली, वास बाहेर येऊ नये म्हणून. "एकटा राहीन मी. माजी काळजी नको," म्हणाला. त्या रात्री त्याचं ताट अर्धं तसंच राहिलं.

मंगळवारी दुपारी मेल आला. काम कमी होतं, पण सापडलेल्या चुका बारकाईने लिहिल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. एक तारखेपासून रुजू व्हा. घरून.

मी ओट्यावर गेले. तो जाळं सांधत होता. "मिळालं, बाबा. घरूनच आहे."

त्याने मान वर केली नाही. सुई चालूच. "म्हंजे पुण्याला न्हाय?"

"न्हाय."

"पुन्यांदा सांग."

"न्हाय जात मी. हितंच हाय."

सुई थांबली. चष्मा काढून त्याने तो मांडीवरच्या जाळ्यात ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले.

"अजून एकदा सांग, पोरी."