दुसरं बटण

“क्रश इंज्युरी आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड, नसा, कातडी सगळं एकत्र चिरडलेलं. “अंगठा वाचेल. शेजारची दोन बोटं काढावी लागतील.”

माझे वडील, अण्णा, स्ट्रेचरवरून म्हणाले, “उजवा हात हाय हो, साहेब.”

अण्णा वाघोलीजवळच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर पत्रा कापायचे. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. तिथे मात्र दुसरं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायची रीत होती. एक हात मोकळा, माल जास्त. सुपरवायझर बघायचा आणि पुढे जायचा.

ऑपरेशन झालं. मला बसवत नव्हतं. बाकावरून उठायचे, जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. मालकाला कोर्टात उभा करायचाच, एवढंच डोक्यात. तो भेटायला आला, शहाळी ठेवून गेला. ती मी शेजारच्या पेशंटला देऊन टाकली.

ड्रेसिंग चालू असतानाच सदाशिव पेठेतल्या एका वकीलबाईंना गाठलं.

“वडिलांचा ईएसआय आहे?”

“आहे. पगारातून कापतात.”

“मग मालकावर भरपाईचा दावा चालणार नाही.”

“चूक त्याची असली तरी?”

“तरी. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. उपचार, पेन्शन, सगळं त्यातून. चूक कुणाची, हे तिथे विचारत नाहीत. त्या बदल्यात मालक सुटतो. आणि अहो, कायदा मी केलेला नाही, माझ्याकडे असं बघू नका.”

तणतणत घरी आले. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या दिवशी चिकटपट्टी मीच लावली व्हती.”

“सुपरवायझर बघत होता ना?”

“बघत व्हता. पर कोर्टात काय म्हनला असता?”

ज्या नियमाने मालक सुटला, त्याच नियमाने अण्णांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

मग सुरू झालं फँटम पेन, म्हणजे नसलेल्या अवयवाचं दुखणं. गेलेल्या बोटांना खाज सुटायची. अण्णा हवेत खाजवायचे आणि मी घरभर फेऱ्या मारायचे. हे खोटं नसतं. तुमच्या माणसाला वेड्यात काढू नका. आणि अपघात झाला की कारखान्याकडून त्याची नोंद लगेच करून घ्या, मालक कितीही गोड बोलला तरी. आमची झाली होती, म्हणून मेडिकल बोर्डाने हात तपासला आणि पेन्शन लागली. त्या डॉक्टरांची, विम्याच्या खिडकीवरच्या बाईंची मी ऋणी आहे. मालकाची नाही.

एक दिवस अण्णांनी विचारलं, “माझ्या प्रेसवर आता कोण हाय?”

“दत्तूकाका.”

अण्णांचे कारखान्यातले जुने सोबती; आणि दुसऱ्या बटणावरची पट्टी अजून तशीच होती. मी पुन्हा वकीलबाईंकडे गेले. “भरपाईचं दार बंद आहे,” त्या म्हणाल्या, “तक्रारीचं नाही. कारखाना निरीक्षकाकडे जा.”

तक्रार मी लिहिली. “पट्टी मी लावली, हे पन लिही,” अण्णा म्हणाले आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

निरीक्षक येऊन गेल्यावर दत्तूकाकांचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला.

“अण्णा, लेका, दोन्ही हात लावल्याबिगर प्रेस हलंना आता. माल निघंना. सुपरवायझरच्या शिव्या खातोय तुझ्यापायी!”

अपघातानंतर अण्णा पहिल्यांदाच हसले.

“खा,” म्हणाले. “शिव्या खायला बोटं लागत नाहीत, पर जेवायला लागत्यात.”